कांद्याचं डिप आणि पाण्याचा हिशेब

पहिल्यांदा घरी कांद्याचं डिप केलं, तेव्हा पाहुणे यायच्या वेळेला वाटीत जे दिसत होतं त्याला डिप म्हणायला जीभ रेटेना. चक्का रात्रभर टांगलेला, कांदा बारीक चिरलेला, मीठ-मिरपूड बेताची. तरीही अर्ध्या तासात वर पाण्याचं तळं. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर कोशिंबीर झाली. जिऱ्याची फोडणी दे नि पोळीबरोबर वाढ."

तिचं निदान अचूक होतं. कच्च्या कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. चिरलेल्या कांद्यावर मीठ पडलं की पेशींच्या बाहेर खारट द्राव तयार होतो आणि आतलं पाणी त्या दिशेने ओढलं जातं. शाळेत आपण याला परासरण म्हणून पाठ केलं होतं. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घालायची जी रीत आहे, ती याचसाठी. डिपला मात्र तेवढ्याने भागत नाही. ते तासन् तास बशीत बसून राहायला हवं असतं.

गंमत म्हणजे ज्यांनी हे डिप जगात आणलं, त्यांना हा प्रश्न पडलाच नसणार. 1954 साली लॉस एंजेलिसमधल्या कुणा गृहिणीने किंवा गृहस्थाने (नाव कुणालाच ठाऊक नाही) लिप्टनच्या कांदा सूपचं कोरडं पाकीट आंबवलेल्या सायीत, म्हणजे सावर क्रीममध्ये, कालवलं. लोकांनी त्याला 'कॅलिफोर्निया डिप' म्हटलं आणि 1958पर्यंत कंपनी ही कृती पाकिटावरच छापू लागली होती. पाकिटातला कांदा वाळवलेला. तो पाणी सोडत तर नाहीच, उलट क्रीममधलं पाणी शोषून स्वतः मऊ होतो आणि डिप आणखी घट्ट करतो. मला हवं होतं ते पाकिटाशिवाय, पण पाण्याचा जमाखर्च तोच ठेवून. म्हणजे कांद्यातलं पाणी आधी कढईत घालवायचं आणि मगच त्याला चक्क्यात उतरवायचं.

त्याआधी चिरणं आलं आणि चिरणं म्हणजे रडणं. अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. त्याच्या पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरीने भिंती फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि क्षणात डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. हे सगळं एकाच विकराचं काम, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2002मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की अश्रू आणणारा रेणू घडवायला एक दुसरं, स्वतंत्र विकर लागतं. या शोधाला 2013चं इग नोबेल मिळालं. इग नोबेल म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. इथे मात्र आधी रडू येतं. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला की विकरं मंदावतात आणि वायूही कमी उडतो. सुरीला धार असेल तर पेशी चेचल्या कमी जातात. तोंडात पाव धरणे, डोक्यावर वाटी ठेवणे वगैरे उपाय करमणूक म्हणून ठीक आहेत.

हा रडवणारा रेणू फार टिकत नाही. त्याचे तुकडे होतात आणि कांदा शिजताना त्याच तुकड्यांच्या जुळणीतून गंधकाचा एक नवा रेणू बनतो, ज्याचा वास थेट मटणाच्या रश्श्याकडे झुकतो. नाकाला तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतो, की कणभरही पुरतो. कांद्याचं वाटण घातलेल्या निव्वळ शाकाहारी आमटीला 'भरीव' चव का येते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं कढईत. कांदा आपली शिदोरी बटाट्यासारखी पिष्टात साठवत नाही. त्याच्याकडे साखरा आणि फ्रुक्टोजच्या छोट्या साखळ्या असतात. या साखरा आणि अमिनो आम्लं तापून एकमेकांशी भिडली की तपकिरी रंग आणि खरपूस वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी 1912मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ही मायार अभिक्रिया. तिला वेग येतो तो साधारण 140 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कढईत पाणी असेपर्यंत तापमान 100च्या पुढे सरकतच नाही. म्हणून पहिली वीसेक मिनिटं कांदा नुसता घाम गाळत बसतो आणि आपण उलथनं घेऊन ताटकळत असतो.

ही घाई का करता येत नाही, याचं गणित मी एकदा मांडलं. अर्धा किलो कांदा परतून झाल्यावर काट्यावर जेमतेम 120 ग्रॅम भरला. म्हणजे चारशेच्या आसपास ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे 2260 ज्यूल लागतात. सगळं मिळून झाले नऊ लाख, म्हणजे विजेच्या भाषेत पाव युनिट. एवढी उष्णता दहा मिनिटांत ओतायला गेलं तर कडेचा कांदा करपतो आणि मधला पांढराच राहतो. 'पाच मिनिटांत सोनेरी कांदा' असं जिथे लिहिलेलं असेल, ती कृती खुशाल मिटवून टाका. मध्यम आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. कढईच्या बुडाला तपकिरी थर धरला की चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडून घ्यायचा; चव सगळी त्यातच असते.

चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर काम लवकर होतं, हे खरं आहे. अल्कधर्मी वातावरणात मायार अभिक्रिया झपाट्याने होते आणि पेशींना धरून ठेवणारं पेक्टिनही सुटतं. मी हे लाल कांद्यावर केलं आणि पस्तावले. लाल कांद्याचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. आंबटात तो गुलाबी फुलतो (दह्यातल्या कांद्याचा तो गोड रंग आठवा) आणि सोड्यात हिरवट-काळा पडतो. वर कांद्याचा झाला लगदा. सोडा घालायचाच तर पांढऱ्या कांद्यात आणि खरोखर चिमूटभरच. अलिबागच्या माळेतला पांढरा कांदा मात्र मी यात घालत नाही. तो मुळात इतका सौम्य आणि गोडसर, की कच्चाच खावा.

आता चक्का. दह्यातल्या जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल केलं, सामू (पीएच) 4.6च्या खाली गेला, की दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून जाळं विणतात आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. कापडात टांगून आपण त्यातलं बरंचसं काढून टाकतो. पण हे जाळं नाजूक असतं. गरम कांदा त्यात ओतला की ते आकसतं आणि उरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. म्हणून कांदा पूर्ण गार झालाच पाहिजे. अमेरिकेतल्या सावर क्रीममध्ये किमान 18 टक्के स्निग्धांश असतो, चक्क्यात बराच कमी. तेव्हा दोन चमचे घरची साय फेटून घालावी. कांद्याचे बरेचसे वास स्निग्धात विरघळतात. साय त्यांना धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. त्यामुळे हे डिप केल्या केल्या खाल्लं तर कांदा वेगळा, चक्का वेगळा लागतो आणि रात्रभर फ्रिजमध्ये मुरलं की एकजीव.

परतलेला कांदा तेला-तुपासकट ओट्यावर तासन् तास ठेवू नये, हेही सांगायला हवं. 1983मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात असाच लोण्यासारख्या मार्गारिनमध्ये परतून ठेवलेला कांदा खाऊन 28 जणांना बॉट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा, झाला होता. स्निग्धाच्या थराखाली हवा पोचत नाही आणि त्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. कांदा गार झाला की लगेच चक्क्यात मिसळून फ्रिजमध्ये जाऊ दे; थंडी आणि आंबटपणा दोन्ही त्या जिवाणूला मानवत नाहीत. दोन-तीन दिवसांत संपवा.

बटाट्याचे वेफर्स बशीत वेगळेच ठेवा, डिपमध्ये खोचून सजावट करू नका. त्यांचा कुरकुरीतपणा पाण्याच्या अभावाचा आणि चक्का कितीही बांधला तरी पाणी द्यायला तयारच असतो. काकडी-गाजराच्या फोडीही पुसून घ्या.

चक्क्याखाली वाटीत जमलेलं पिवळसर हिरवट पाणी मात्र ओतून देऊ नका. आमच्याकडे ते दुसऱ्या दिवशी भाजणीत जातं आणि थालीपिठाला लागणारा कांदा बारीक चिरून आई मीठ घालते, अर्धा तास तसाच ठेवते. इथे तिला ते सुटलेलं पाणी हवंच असतं.