कंपनीचा ॲम्प्लिफायर राखून कारचा डेक बदलणे

कारखान्यातून बसून आलेला डेक (डॅशबोर्डवरचा रेडिओ-म्युझिक प्लेअर) काढून त्या जागी बाजारातला नवा डेक बसवायचा, पण सीटखाली, डिकीत किंवा डॅशबोर्डमागे असलेला मूळ ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवून स्पीकरना देणारी पेटी) आणि दारांतले स्पीकर जागचे हलवायचे नाहीत, अशी ही पद्धत. चार स्पीकरच्या साध्या गाड्यांत ॲम्प्लिफायर सहसा डेकच्या पोटातच असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. स्पीकरच्या जाळीवर बोस, जेबीएल, हरमन कार्डन अशी नावे असलेल्या गाड्यांत मात्र तो बहुधा स्वतंत्र असतो. अशा गाडीत नवा डेक विकत घेण्याआधी एकच गोष्ट शोधावी लागते: जुन्या ॲम्प्लिफायरला डेककडून कोणत्या प्रकारचा सिग्नल लागतो. कपलर (वायरींचा प्लग), जोडसंच आणि खर्च या तिन्हींचा निकाल त्यावरच लागतो.

मूळ ॲम्प्लिफायर ठेवण्याचे कारण

बाजारातले डेक साधारणपणे ४ ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेले असतात. बोसच्या अनेक प्रणालींत स्पीकर २ ओहम किंवा त्याहून कमी असतात. ॲम्प्लिफायर वगळून डेकच्या वायरी अशा स्पीकरना थेट जोडल्या, तर डेकची आउटपुट आयसी (स्पीकरना वीज देणारी चिप) तापते, आवाज तुटू लागतो आणि शेवटी आयसी जळते. शिवाय ट्वीटर आणि वूफर यांची विभागणी बऱ्याचदा ॲम्प्लिफायरच्या आत झालेली असते; ती गेली की ट्वीटरवर बास जातो आणि तो फार दिवस टिकत नाही. ‘ॲम्प्लिफायर काढून टाकू, सोपे पडेल’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

सिग्नलचे प्रकार

पहिला प्रकार स्पीकर पातळीचा. डेकमधून स्पीकरला जाईल तसाच जोरकस सिग्नल ॲम्प्लिफायर घेतो. इथे नव्या डेकच्या स्पीकर वायरी थेट जोडता येतात. दुसरा प्रकार लाइन पातळीचा, म्हणजे काही व्होल्टच्या आतला. त्यासाठी नव्या डेकचे आरसीए आउटपुट (मागची गोल पिनांची ध्वनी-सॉकेट) वापरावे लागते. ते डेकच्या दर्जानुसार २ किंवा ४ व्होल्टचे असते. या दोन पातळ्यांत केवढा फरक आहे ते गणिताने पाहता येते: ४ ओहमवर २२ वॉट देणारा डेक स्पीकर वायरीवर सुमारे ९.४ व्होल्ट देतो. तो सिग्नल लाइन पातळीच्या इनपुटवर घातला तर आवाज व्हॉल्यूमच्या पहिल्या दोन-तीन घरांतच फाटतो आणि पार्श्वभूमीला सतत सूं ऐकू येते. आरसीएची सोय नसलेला डेक वापरायचाच असेल, तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर घालून पातळी उतरवावी लागते.

तिसरा प्रकार डिजिटल, आणि खरी अडचण इथेच आहे. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांच्या अनेक मॉडेलांत ध्वनी प्लास्टिकच्या ऑप्टिकल फायबरमधून, मोस्ट नावाच्या वर्तुळाकार जाळ्याने जातो. अलीकडच्या काही गाड्यांत हेच काम पीळ दिलेल्या दोन वायरी करतात. इथे साध्या वायर-जोडणीने काहीही होत नाही. त्या गाडीसाठी बनवलेला डीकोडर किंवा इंटरफेस बॉक्सच लागतो. तो मिळत नसेल तर काम हाती न घेणे उत्तम.

मधला एक फसवा प्रकारही आहे: ध्वनी साध्या वायरीतून येतो, पण व्हॉल्यूमचा आदेश कॅन बसवरून, म्हणजे गाडीतली उपकरणे एकमेकांना आदेश पाठवतात त्या वायरींवरून जातो. अशा गाडीत नवा डेक नुसता जोडला तर ॲम्प्लिफायर गप्प राहतो किंवा एकाच ठरलेल्या आवाजात वाजतो. अँड्रॉइड डेकसोबत मिळणारा कॅनबस बॉक्स त्या गाडीच्या ॲम्प्लिफायरला आदेश देऊ शकतो का, हे आधी विचारून घ्यावे. स्टिअरिंगवरची बटणे चालवणारा प्रत्येक बॉक्स ॲम्प्लिफायर चालवतोच असे नाही.

मल्टिमीटरने ओळख

जुना डेक चालू स्थितीत असतानाच ही तपासणी करावी. पेन ड्राइव्हवर १०० हर्ट्झचा सलग सूर घ्यावा. स्वस्त मल्टिमीटर याहून फार वरच्या सुरावर चुकीचे आकडे दाखवतात. बास-ट्रेबल शून्यावर, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरचा समतोल) मधोमध. मीटर एसी व्होल्टवर ठेवून कपलरच्या मागून एकेका जोडीवर टोके लावावीत. व्हॉल्यूम वाढवताना आकडा पाच-सहा व्होल्टपर्यंत चढला तर स्पीकर पातळी. एक-दोन व्होल्टच्या आसपास थांबला तर लाइन पातळी. व्हॉल्यूम कितीही फिरवला तरी आकडा हललाच नाही, तर आवाजाचे नियंत्रण ॲम्प्लिफायरकडे आहे. ध्वनीची जोडीच सापडत नसेल तर डिजिटल.

जोडणी

इग्निशन बंद करून १० मिमी पान्याने बॅटरीची ऋण तार सोडावी आणि एअरबॅग असलेल्या गाडीत काही मिनिटे थांबावे. नव्या डेकच्या वायरींचे प्रचलित रंग असे: पिवळी कायमचे १२ व्होल्ट, लाल इग्निशन, काळी अर्थ, निळी-पांढरी ॲम्प्लिफायर रिमोट (ॲम्प्लिफायर चालू करणारी वायर), निळी अँटेना. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली त्या त्या जोडीतली ऋण वायर.

सर्वाधिक चुका निळ्या-पांढऱ्या वायरीच्या होतात. ती जोडलीच नाही तर सगळे काही दिसते, पण आवाज येत नाही. ती चुकून निळीच्या जागी गेली, तर अनेक डेकांत फक्त रेडिओ वाजतो आणि यूएसबीवर गेल्यावर शांतता पसरते, कारण अँटेनाची वायर रेडिओ चालू असतानाच वीज देते. पिवळीवर जोडली तर ॲम्प्लिफायर रात्रभर चालू राहतो आणि बॅटरी उतरते. या वायरीतून साधारण ३०० मिलीअँपिअरच घेता येतात. ॲम्प्लिफायरसोबत आणखी काही चालवायचे असल्यास रिले (छोट्या विजेवर चालणारा स्विच) लावावा.

कंपनीच्या ॲम्प्लिफायरचे लाइन इनपुट बहुधा बॅलन्स्ड असते: धन आणि ऋण दोन्ही गाडीच्या बॉडीपासून अलग. आरसीएचा मधला तार धनला आणि बाहेरची जाळी ऋणला जोडावी. ऋण वायर बॉडीला अर्थ करू नये. स्पीकर पातळीच्या ऋण वायरीबाबत तर हा नियम कधीच मोडू नये. डेकच्या दोन्ही स्पीकर वायरींवर बॅटरीच्या निम्म्याइतका डीसी व्होल्ट असतो, आणि अर्थ लागताच आयसी जाते. जोड सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. नुसती काळी टेप उन्हाळ्यात डॅशबोर्डमागे सुटते.

बसवल्यावर लाउडनेस बंद आणि इक्वलायझर सपाट ठेवावा. मूळ ॲम्प्लिफायरने बास आधीच उचललेला असतो. त्यावर डेकने पुन्हा उचलला की दारे घरघरतात. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर तो अर्थ लूप, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थमुळे शिरलेला गोंगाट. डेकची अर्थ चांगल्या, रंग खरवडलेल्या बिंदूवर न्यावी, आरसीए केबल वीजवाहक वायरींपासून दूर घ्यावी, आणि तेवढ्याने भागले नाही तरच आयसोलेटर (आरसीए वायरीत घालायचा गोंगाट अडवणारा ट्रान्सफॉर्मर) लावावा, कारण स्वस्त आयसोलेटर खालचा बास खातो. काही गाड्यांत सीटबेल्ट आणि पार्किंग सेन्सरचे इशारेही याच ॲम्प्लिफायरमधून येतात. ते चालू आहेत ना, हे गाडी परत देण्यापूर्वी तपासावे.

कोल्हापुरातील परिस्थिती

नव्या डेकच्या आकाराची फ्रेम बाजारात मिळाली नाही, तर पत्र्याची ब्रॅकेट शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत मापाने करून घेता येते. दुहेरी डिनचा (मोठ्या पडद्याच्या डेकच्या प्रमाणित खाचेचा) आकार सुमारे १७८ × १०० मिमी धरावा. बूस्टर असलेल्या अँटेनाला निळ्या वायरीतून १२ व्होल्ट दिले नाहीत, तर कोल्हापूर आकाशवाणीचे १०२.७ मेगाहर्ट्झ शहरात कसेबसे लागते आणि गगनबावड्याच्या वाटेवर लवकरच विरते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले होते. म्हणून इथली जुनी गाडी घेतली असेल तर सीटखालचा ॲम्प्लिफायर आधी बाहेर काढून पाहावा. कपलरच्या पिनांवर हिरवट थर किंवा पेटीत वाळलेला गाळ दिसला, तर पिना साफ करून जुन्या डेकवर सगळे स्पीकर वाजवून घ्यावेत. एखादा चॅनल तिथेच बंद आढळला तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा त्यापुढच्या वायरींचा असू शकतो, आणि तो दुरुस्त होईपर्यंत नवा डेक घेऊ नये.