पडद्यावरचा कपडा, पोस्टरवरचा चेहरा : नागपूरच्या बाजारातून दिसणारी पार्श्वभूमी

फॅशनची लाट आणि फॅशनची जाहिरात यांचा उल्लेख नेहमी एका दमात होतो. नागपूरच्या कापडबाजाराचा जुना हिशेब काढला तर त्या बराच काळ एकमेकींपासून लांब होत्या असं दिसतं. गांधीबाग आणि इतवारीतून लोकांनी मागून मागून नेला तो पडद्यावर दिसलेला कपडा. त्याची जाहिरात कुणीच केली नव्हती. पोस्टरवरच्या खेळाडूने विकलं ते सुटिंगचं ठाण, पण त्याच्यासारखी पँट शिवून द्या असं शिंप्याकडे क्वचितच कुणी मागितलं. ही दोन टोकं गेल्या दहा-बारा वर्षांत जुळली. सध्या ताऱ्यांच्या जाहिरातींवरून जे वाद आणि जे नियम कानावर येतात, त्यातले बहुतेक या जुळण्यातून निघाले आहेत.

कापडावर चेहरा लावायची सवय मात्र सिनेमाहून जुनी आहे. विलायती कापडाच्या ठाणांवर रंगीत छापील तिकिटं चिकटवलेली असत. त्यांवर देवदेवता, राजेरजवाडे, वाघ-हत्ती असत. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा एवढाच त्यामागचा हेतू. नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं आणि गिरणी एम्प्रेस मिल म्हणून ओळखली जाऊ लागली. प्रसिद्ध व्यक्तीचं वलय कापडाला जोडायचं इथलं हे ठळक जुनं उदाहरण. राणीला त्याचं मानधन अर्थातच कुणी दिलं नाही. २००२ मध्ये गिरणी बंद पडली आणि आता त्या जागेवर मॉल आहे.

पैसे घेऊन चेहरा देण्याचा साचा कपड्यात नाही, साबणात तयार झाला. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. लक्सची जाहिरात करणारी ती पहिली भारतीय अभिनेत्री. साबण दर महिन्याला लागतो, स्वस्त असतो आणि वेष्टनाआडून पारखता येत नाही, त्यामुळे तिथे नाव आणि चेहरा कामाला येतो. लुगडं किंवा धोतरजोडी घेताना तसं नव्हतं. बोटांत पोत घ्यायचा, पदर उलटून विणीची मागची बाजू बघायची, पन्हा (कापडाची रुंदी) मोजायचा आणि ओळखीच्या दुकानदाराचा शब्द मानायचा. एवढं केल्यावर नटीची गरजच उरत नव्हती.

हे बदललं ते टेरिकॉटमुळे, असं माझं मत आहे. पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण हाताला सारखंच लागतं. त्यात ६७ टक्के पॉलिस्टर आहे की ४८, रंग पक्का आहे की नाही, दहा धुण्यांनंतर गोळे येतील का, हे बोटांना कळत नाही. गिऱ्हाइकाची पारख निकामी झाली की त्याला काठावर छापलेलं गिरणीचं नाव वाचावं लागतं, आणि नाव लक्षात राहण्यासाठी चेहरा लागतो. माध्यमंही नेमकी तेव्हाच उघडली. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, आणि त्या पहिल्या केंद्रांत मुंबई-पुण्याबरोबर नागपूर होतं. दूरदर्शनवर त्या १९७६ पासून आल्या.

मग सुटिंगवाल्यांचा जमाना सुरू झाला. ग्वाल्हेर सुटिंगसाठी मन्सूर अली खान पतौडी, दिनेशसाठी सुनील गावस्कर, विमलसाठी व्हिव्ह रिचर्ड्ससारखे परदेशी क्रिकेटपटू. सिनेमाच्या नटापेक्षा खेळाडू का, याचं उत्तर व्यवहारात आहे. सुटिंग घेणारा माणूस नोकरीला, मुलाखतीला किंवा लग्नाला घालायचा कपडा शोधत असे. नटाचा पडद्यावरचा पोशाख त्याला सोंग वाटायचा, क्रिकेटपटूचा ब्लेझर मात्र भारदस्त वाटायचा. शिवाय सुटिंग विकलं जायचं मीटरवर. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात पँटला सव्वा मीटर आणि पूर्ण सुटाला सव्वातीन मीटरपर्यंत लागतं. जाहिरातीत दिसायचा शिवलेला सूट आणि दुकानातून मिळायचं कापड. मधलं काम नागपूरच्या बर्डी किंवा महाल भागातल्या शिंप्याचं, आणि त्याने खांदा उतरता कापला तर पतौडींचा काही उपयोग नव्हता. पुढे रेमंडने ‘द कम्प्लीट मॅन’मध्ये अनोळखी मॉडेल घेऊन कुठल्याही ताऱ्याशिवाय पंचवीस-तीस वर्षं लक्षात राहील अशी मोहीम चालवली. ताऱ्यांच्या जाहिरातींचं कौतुक करणाऱ्यांनी हे उदाहरण शेजारी ठेवलेलं बरं.

तिकडे फॅशन म्हणून जे पसरत होतं त्याचा या पोस्टरांशी संबंध नव्हता. १९६० नंतरचा साधना कट (कपाळावर आखूड कापलेले केस), राजेश खन्नाचा कुर्त्यासारखा गुरुशर्ट, १९७३ च्या ‘बॉबी’नंतरचे ठिपक्यांचे कपडे आणि बेलबॉटम ही सगळी फुकटची नक्कल. बेलबॉटमचं काम वरून दिसतं तेवढं सोपं नव्हतं. गुडघ्यापर्यंत पँट घट्ट आणि तिथून घेर सुटून मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, २२ ते २६ इंचांपर्यंत. घेर गुडघ्याच्या खालून सुरू केला तर पाय आखूड दिसतात. कापड हलकं असेल तर घेर पिंढरीला चिकटतो. म्हणून जाड टेरिकॉट लागायचं, आणि नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ते अंगावर वागवावं लागायचं. लोकांनी वागवलं. नटनट्यांना यातून एक पैसा मिळाला नाही, त्यांनी मागितलाही नाही. शैलीवर मालकी सांगता येते ही कल्पनाच तेव्हा बाजारात नव्हती.

१९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधली माधुरी दीक्षितची जांभळी साडी आणि मोकळ्या पाठीचं ब्लाउज आलं आणि नकलेचं यंत्र कारखान्याच्या वेगाने फिरायला लागलं. तोवर सुरतेत यंत्रमागावरचं पॉलिस्टर जॉर्जेट, शिफॉन, साटीन मुबलक झालं होतं. गांधीबागेतला घाऊक व्यापारी आजही बराचसा माल सुरतेहून कॅटलॉगवर उचलतो. कॅटलॉग म्हणजे एकाच कल्पनेचे सहा, आठ किंवा बारा नग, प्रत्येकाचा रंग वेगळा, वर मॉडेलचे फोटो आणि त्या मोसमात गाजलेल्या नायिकेवरून किंवा मालिकेवरून ठेवलेलं नाव. माल पूर्ण सेटमध्येच मिळतो आणि नुकसान तिथेच होतं. गिऱ्हाइकाला हवा असतो पडद्यावरचा एकच रंग. तो नग पहिल्या आठवड्यात उडतो आणि मोरपंखी, राणी, गाजरी घडीवर बसून राहतात. शहाणा दुकानदार म्हणून सेटचा खर्च पहिल्या दोन-तीन नगांतच काढायला बघतो आणि उरलेले सेलमध्ये टाकतो. ‘एकच रंग एवढा महाग का’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

ब्लाउजचीही अशीच अडचण. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस साधारण ८० सेंटीमीटर, असा सहा-सव्वासहा मीटरचा हिशेब ठरलेला. त्यातून लांब बाही, प्रिन्सेस कट आणि बंद गळा सगळं काढायला गेलं तर कापड पुरत नाही. शिंपी बाहीला जोड देतो किंवा काखेत कळी (जोडाचा लहान तुकडा) घालतो. पडद्यावरच्या ब्लाउजला आतून पॅड, अस्तर आणि अंगावर ठाकूनठोकून केलेलं फिटिंग असतं. बाजारी नकलेत फक्त दोरी असते, म्हणून ते खांद्यावरून घसरतं.

छोट्या पडद्याने हीच वाट घराघरात नेली. ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू असताना जान्हवीचं मंगळसूत्र त्याच नावाने मागितलं जायचं, सराफाकडेही आणि बांगड्यांच्या गाडीवरही. इथेही नकलेचा पैसा वाहिनीकडे जायचा काही मार्ग नव्हता.

तो मार्ग नंतर तयार झाला. हृतिक रोशनचा एचआरएक्स हा कपड्यांचा ब्रँड २०१३ मध्ये, विराट कोहलीशी जोडलेला रॉन २०१४ मध्ये, आलिया भटचा मुलांच्या कपड्यांचा एड-ए-मम्मा २०२० मध्ये आला. २०२३ मध्ये रिलायन्सने एड-ए-मम्मातला ५१ टक्के हिस्सा घेतला. यात तारा मानधन घेऊन बाजूला होत नाही, मालकीत वाटा ठेवतो. स्वतःच्या खात्यावर कपडा घालून दिसणं आणि तो विकणं ही एकच क्रिया झाली. रीलखाली दुवा असतो, बोट लावलं की माप विचारलं जातं. पडद्यावरचा कपडा आणि जाहिरातीतला कपडा यांतलं अंतर इथे मिटलं. त्याबरोबर पाहणाऱ्याची एक सोयही गेली. हे मनापासून घातलंय की पैसे घेऊन, हे पूर्वी आपोआप कळायचं.

नकलेचा वेगही बदलला. पूर्वी छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी जाळी करावी लागे, म्हणून थोड्या मीटरची छपाई परवडत नसे. डिजिटल छपाईच्या एका प्रकारात फोटोवरून आराखडा उचलायचा, कागदावर छापायचा आणि सुमारे २०० अंशांवर कापडावर दाबायचा. हे उष्णतेचं छापणं टिकतं फक्त पॉलिस्टरवर, सुतावर किंवा रेशमावर नाही. त्यामुळे ‘अमुक अभिनेत्रीची कॉटन साडी’ म्हणून आठवड्यात बाजारात आलेला माल बहुधा पॉलिस्टर असतो. ओळखायला उलट बाजू बघावी. रंग वरच्या बाजूला गडद आणि खाली फिक्का किंवा पांढरा असेल तर ते दाबून छापलेलं असू शकतं. खात्री करायची तर कडेचा एक धागा जाळावा. सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. अक्षय्य तृतीयेच्या लग्नात सहा तास बसायचं असेल तर ही दोन मिनिटं वाया जात नाहीत.

नागपूरच्या परिसराला याचा फटका जास्त बसतो तो करवतकाठीत. उमरेड, भंडाऱ्याकडची ही टसर रेशमाची साडी. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, आणि काठ व अंग यांचे आडवे धागे एकमेकांत अडकवण्यासाठी तीन धोटे (आडवा धागा नेणारी मागाची साधनं) चालवावे लागतात. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीने ती नेसली की मागणी एका दिवसात वाढते, माग मात्र वाढत नाही. हाताने विणायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. मधली पोकळी छापील दातांच्या पॉलिस्टर साडीने भरते, आणि पुढच्या वर्षी खरी साडी बघणाऱ्याला तिची किंमत लूट वाटते. विणकराला ताऱ्याच्या फोटोने फायदा व्हायचा तर फोटोच्या आधी माल विणून तयार हवा. बहुतेकदा क्रम उलटा असतो. खऱ्या साडीत काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे उलट बाजूलाही दात स्पष्ट दिसतात आणि धाग्यांची गुंफण बोटाला लागते.

कायदा या सगळ्याच्या मागून आला. २०१२ च्या एका निकालाची आठवण नागपूरच्या प्रत्येक शोरूमवाल्याने ठेवावी. तनिष्कच्या जाहिरातीतला अमिताभ आणि जया बच्चन यांचा फोटो मुझफ्फरनगरच्या एका सराफाने आपल्या होर्डिंगवर लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ते दोन्ही बाजूंनी चूक ठरवलं: जाहिरातीवर तनिष्कची मालक कंपनी टायटनचा हक्क, चेहऱ्यावर त्या दोघांचा. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांना नाव, आवाज, छबी परवानगीशिवाय वापरण्याविरुद्ध त्याच न्यायालयाकडून आदेश मिळाले. कपूर यांच्या प्रकरणात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमांचाही विचार झाला. कॅटलॉगवर नटीचा चेहरा चिकटवायची सुरती सवय आता महागात पडू शकते, आणि तो फोटो आपल्या पानावर पुढे टाकणारा किरकोळ दुकानदारही त्यातून आपोआप सुटत नाही.

दुसरी बाजू खोट्या दाव्यांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी चेहरा देणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्षापर्यंत, पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिरात करण्यास मनाई. दावा आपण तपासून पाहिला होता हे दाखवता आलं तर बचाव होतो. म्हणून ‘शुद्ध रेशीम’, ‘हातमाग’ असं बोलायला लावलं तर जाणकार कलाकार आता सिल्क मार्क (अस्सल रेशमाची खूण) किंवा खरेदीची कागदपत्रं मागतो. इन्फ्लुएन्सरांसाठी जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. पैसे, फुकट कपडा किंवा सवलत, काहीही मिळालं असेल तर तसं लिहायचं. पंधरा सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून लहान व्हिडिओत ही खूण एक तृतीयांश वेळ दिसली पाहिजे. तीस सेकंदांच्या रीलला म्हणजे दहा सेकंद. जानेवारी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ती जाहिरातीच्याच भाषेत हवी, म्हणजे मराठी रीलवर ‘जाहिरात’ असं मराठीत. वर्णनाच्या तळाशी वीस हॅशटॅगांत ती दडवणं चालत नाही.

नागपुरात धरमपेठ किंवा सदरला दुकान उघडताना मालिकेतली अभिनेत्री बोलावली जाते, तिथे सर्वांत जास्त घोळ होतो तो एका गैरसमजामुळे. फीत कापण्याचं मानधन म्हणजे त्या दिवसाची हजेरी, बाकी काही नाही. त्या दिवशीचा फोटो वर्षभर पिशवीवर छापायचा असेल तर तो वेगळा हक्क आणि त्याचे वेगळे पैसे. करारात मुदत, प्रदेश, माध्यमं (होर्डिंग, वर्तमानपत्र, समाजमाध्यम, दुकानातला फलक), शूटिंगचे तास, पोस्टची संख्या आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कपड्यांच्या दुकानासाठी काम न करण्याची अट, एवढं तरी लिहिलेलं असावं. मानधनावर सहसा १८ टक्के जीएसटी येतो आणि टीडीएस बहुतेकदा देणाऱ्याने कापायचा असतो. हे बजेटात धरलेलं नसलं की वाद उद्घाटनाच्या संध्याकाळीच सुरू होतो. ब्रँडच्या विक्रीची एजन्सी घेतलेल्या दुकानदारांनी कंपनी आणि तारा यांच्यातली मुदत कधी संपते हे लेखी विचारून घ्यावं. मुदत संपल्यावर मोठे फलक उतरतात, पण ट्रायल रूमच्या दारावरचा स्टिकर, डिलिव्हरीच्या गाडीवरचं चित्र आणि गोदामातल्या पाच हजार पिशव्या तशाच राहतात, आणि नोटीस येते ती बहुतेकदा त्यांच्यावरूनच.