पिल्लू अंड्यात अडकलेय असे वाटते तेव्हा

आमच्याकडून उबवणी यंत्र घेतलेल्या कुक्कुटपालकांसाठी

अंडी बसवून वीस-एकवीस दिवस झाले की आमचा फोन वाजू लागतो. "काल संध्याकाळी पिल्लाने टोचा मारलाय, आत चिवचिव ऐकू येते, पण पुढे काहीच नाही. कवच सोलू का?" बहुतेक वेळा आमचे उत्तर असते, "अजून नको." असे का म्हणतो आणि खरोखर हात घालायची वेळ आली तर काय करायचे, ते इथे लिहिले आहे. सगळे आकडे कोंबडीच्या अंड्यांचे आहेत. बदकाला 28 दिवस लागतात आणि त्याचा टोच्यानंतरचा वेळही जास्त असतो.

टोच्यानंतर आत काय चालते

अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पडदा फोडते आणि त्या पोकळीत पहिला श्वास घेते. तोवर त्याला प्राणवायू मिळतो तो कवचाला आतून चिकटलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळीतून. आता ते काम फुप्फुसांकडे येते. पोकळीतली हवा फार वेळ पुरत नाही, म्हणून चोचीवरच्या बारीक टणक टोकाने ते कवचाला तडा पाडते. हाच टोचा.

टोचा मारला की पिल्लू गप्प पडते आणि नेमका इथेच माणसाचा धीर सुटतो. पण त्या शांततेत मोठे काम चाललेले असते. जाळीतले रक्त अंगात परत येत असते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. याला बारा ते चोवीस तास लागतात. ते झाले की पिल्लू अंड्यात गोल फिरत कवच कापत जाते आणि टोपी ढकलून बाहेर येते. हा शेवटचा भाग कधी अर्ध्या तासात होतो, कधी काही तास घेतो.

रक्त परत जाण्याआधी कवच सोलले तर त्या वाहिन्या फाटतात. आम्ही स्वतः ही चूक केली आहे. यंत्रे बनवायला लागण्यापूर्वी घरच्या गावरान अंड्यांवर, टोच्यानंतर सहा तासांतच 'मदत' करायला गेलो. पडद्यातून रक्त आले आणि पिल्लू तळहातावरच गेले. ते अजून विसरता येत नाही. म्हणून अंडी बसवतानाच प्रत्येकावर पेन्सिलने नंबर टाका आणि टोचा दिसला की नंबर आणि वेळ वहीत लिहा. अंदाजाने 'कालपासून' म्हणू नका.

हात कधी घालायचा

चोवीस तास उलटले आणि कवच गोल कापायला सुरुवात नाही, तर अंडे जवळून बघा. भोकातला पडदा पांढरा, ओलसर असेल आणि चोच हलत असेल तर आणखी थांबता येते. पिल्लू जांभई दिल्यासारखी चोच सारखी उघडमीट करत असेल तर बलक अजून आत जातोय, तेव्हा चोवीस तास झाले तरी हात लावू नका.

पडदा पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा कडक झाला असेल तर तो वाळून पिल्लाच्या अंगाला आवळला आहे आणि त्याला फिरता येत नाही. काप सुरू होऊन अर्ध्यावरच तीन-चार तास थांबला असेल, तरीही तेच कारण असू शकते. टोचा निमुळत्या टोकाला असेल तर पिल्लू उलटे बसले आहे. अशी काही पिल्ले आपली आपण निघतात, पण त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा.

मदत कशी करायची

हात साबणाने धुवा. खोलीतला पंखा बंद करा. कोमट पाणी, कापसाची काडी, चिमटा, मऊ कापड आणि टॉर्च जवळ घ्या. अंधारात बोथट टोकाला टॉर्च लावली की हवेच्या पोकळीची कड दिसते. तिच्यावर पेन्सिलने रेघ मारा आणि फक्त रेघेच्या वरचे कवच भोकापासून कणाकणाने काढा. पोकळीवरच्या भागात सहसा रक्त नसते.

मग खालचा पडदा ओल्या काडीने हलकेच भिजवा. ओला झाला की त्यातल्या शिरा स्पष्ट दिसतात. लाल शिर दिसली की तिथेच थांबा, चोचीसमोरची जागा मोकळी ठेवून बाकी पडद्याभोवती ओलसर कापड गुंडाळा आणि अंडे यंत्रात परत ठेवा. तीन-चार तासांनी पुन्हा बघा. शिरा नसतील तर पडदा चोचीपासून मागे सारा आणि डोके मोकळे करा. चुकून रक्त आलेच तर स्वच्छ कापसाने अलगद दाबून धरा आणि थांबले की अंडे परत ठेवा.

डोके सुटल्यावर तुमचे काम संपले. खालचा अर्धा भाग पिल्लाला स्वतः ढकलू द्या, कारण बेंबीकडचे काम सगळ्यात शेवटी होते. बेंबीला काही चिकटलेले दिसले तर ओढू नका, कापू नका. ते आपोआप वाळून पडते.

पाणी नाकपुडीत जाता कामा नये. खोबरेल तेलाबद्दल पुष्कळजण विचारतात. उघड्या पडद्यावर बोटाच्या टोकाला लागेल एवढेच चालते, पण कवचाला चोळू नका, त्याची छिद्रे बुजतात.

मुळात पिल्लू अडकते का

आमच्या अनुभवात सगळ्यात मोठे कारण म्हणजे झाकण. पहिले पिल्लू निघाले की घरातली मुले जमतात, आपणही ते बाहेर काढायला झाकण उघडतो आणि आतली दमट हवा क्षणात निघून जाते. त्याचा फटका मागे राहिलेल्या अंड्यांना बसतो. निघालेले पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज राहते. त्याला घाईने बाहेर काढायची गरज नाही.

अठराव्या दिवसापर्यंत आर्द्रता 50 ते 55 टक्के ठेवा. त्या दिवशी अंडी फिरवणे थांबवा, आर्द्रता 65 ते 70 वर न्या आणि झाकण लावून टाका. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत एक वाटी पाणी पुरत नाही, यंत्रातल्या पाण्याच्या दोन्ही पन्हाळ्या भरा. कोकणात पावसाळ्यात याच्या उलट होते. सुरुवातीपासून हवा फार दमट राहिली तर अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू चिकट, फुगलेले निघते.

पंखा असलेल्या आपल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअस हवे. ते थोडे कमी राहिले किंवा वीज वारंवार गेली तर एकविसाव्याऐवजी बाविसावा दिवस उजाडतो. अशा वेळी 'तारीख उलटली' म्हणून कवच फोडू नका.

मदतीने निघालेले पिल्लू अशक्त असते. ते सुकेपर्यंत यंत्रातच राहू द्या. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. गोणपाटाचा तुकडा टाका. काही पिल्ले एवढे करूनही वाचत नाहीत, त्याचा दोष स्वतःला देत बसू नका.

विसाव्या ते बाविसाव्या दिवसात शंका आली तर रात्रीही फोन करा, नंबर यंत्राच्या मागच्या स्टिकरवर आहे. टॉर्चच्या उजेडात भोकाचा जवळून फोटो काढून पाठवा आणि टोच्याची वेळ सांगा. आमचे उत्तर येईपर्यंत अंडे यंत्रातच असू द्या.