फिकी दिसणारी दीर्घिका दूरचीच असते का?

दीर्घिकांविषयी (म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांविषयी) 'दीर्घिका जितकी फिकी, तितकी ती दूर' असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. सारख्याच तेजाच्या दिव्यांपैकी दूरचा दिवा मंद दिसतो, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. परंतु दीर्घिका सारख्या तेजाच्या नसतात.

देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही साताऱ्याच्या पश्चिमेकडील अंधाऱ्या पठारांवरून, नोव्हेंबरातील चंद्रहीन रात्री, नुसत्या डोळ्यांनी धूसर डागासारखी दिसते. याउलट मघा ताऱ्याला खेटून दिसणारी 'सिंह १' ही बटू दीर्घिका सुमारे ८ लाख प्रकाशवर्षांवर असूनही डोळ्यांना दिसत नाही, कारण तिच्यात तारेच फार थोडे आहेत. हा पडताळा कोणालाही घेता येईल.

मग छायाचित्रातील फिका ठिपका जवळचा की दूरचा, हे वर्णपट, म्हणजे तिच्या प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, सांगतो. विश्व प्रसरण पावत असल्याने दीर्घिका जितकी दूर, तितक्या तिच्या वर्णपटातील रेषा लांब तरंगलांबीकडे सरकतात. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा ६६३च्या आसपास सरकलेली आढळली, तर ती दीर्घिका साधारण १४ कोटी प्रकाशवर्षे दूर असते. ७२२जवळ आढळली, तर शंभर कोटींहून अधिक. अगदी शेजारच्या दीर्घिकांना मात्र ही पद्धत लागू पडत नाही, कारण तेथे त्यांची स्वतःची गती विश्वाच्या प्रसरणापेक्षा वरचढ ठरते (देवयानी तर आपल्याकडेच येत आहे), आणि म्हणून त्यांचे अंतर त्यांच्यातील ताऱ्यांच्या तेजावरून काढले जाते.