ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा परदेशातला विस्तार

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे तिकडचे लोक ज्याला नुसतं 'फुटी' म्हणतात तो खेळ, मेलबर्नमध्ये जन्मला आणि आजही त्याचा खरा जीव ऑस्ट्रेलियातच आहे. तो बाहेरच्या देशांत न्यावा का, न्यायचा तर कुठे आणि कोणी, हा प्रश्न शंभर वर्षं तरी घोळतोय. व्यावसायिक लीग चालवणारी एएफएल मधेमधे जोर लावते, पैसा ओतते आणि मग थांबते. या नोंदीत त्या प्रयत्नांची माहिती आहे, आणि लिहिणाऱ्याचं मतही आहे. विस्तार जरूर करावा, पण आजवर ज्या पद्धतीने जास्त खर्च केला ती पद्धत चुकीची होती.

खेळाची ओळख थोडक्यात. १८५८ मध्ये टॉम विल्स या क्रिकेटरने पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी, १७ मे १८५९ ला, मेलबर्न क्लबच्या चारपाच जणांनी बसून नियम लिहून काढले, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या १८६३ च्या नियमांच्याही आधी. एका बाजूला १८ खेळाडू, बॉल लंबगोल, ऑफसाइड नाही. पळताना दर १५ मीटरच्या आत बॉल जमिनीवर आपटायचा, पास द्यायचा तर लाथेने किंवा एका हातावर बॉल धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने. फेकायचा नाही. कोणी १५ मीटरपेक्षा लांब मारलेला बॉल हवेतच झेलला की त्याला 'मार्क' मिळतो, म्हणजे खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत किक मारता येते. त्यासाठी समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून, खांद्यापर्यंत वर चढून झेल घेतलेला चालतो, त्याला 'स्पेकी' म्हणतात, आणि ज्याने एकदा ते समोरून पाहिलंय तो विसरत नाही. दोन्ही टोकांना चारचार खांब असतात, मधल्या दोनमधून किक गेली की ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेली तर १. गोल झाला की गोल अंपायर दोन्ही हातांची बोटं पुढे करतो आणि मग दोन पांढरे झेंडे हलवतो, पलीकडच्या टोकाचा अंपायरही झेंडे हलवून त्याला दुजोरा देतो.

आपल्याला मेलबर्नचं एमसीजी माहीत असतं ते बॉक्सिंग डे टेस्टमुळे, २०२० ला अजिंक्य रहाणेने ११२ काढले तेच मैदान. पण तिथल्या माणसाला विचाराल तर ते आधी फुटीचं मैदान आहे. १९७० ची ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाची अंतिम मॅच, तिथे १,२१,६९६ लोकांनी पाहिली होती.

बाहेर नेण्याची पहिली अडचण इथेच येते, मैदानाची. सॉकरचं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर, फुटीचं १३५ ते १८५ मीटर लांब आणि ११० ते १५५ रुंद, तेही अंडाकृती. एवढी मोकळी जागा क्रिकेट खेळणाऱ्या देशांतच सहज मिळते. युरोप अमेरिकेत मग ९-९ जणांची मॅच रग्बीच्या नाहीतर सॉकरच्या मैदानावर खेळतात आणि ते चांगलं चालतं. एएफएलने स्वतः २०१८ मध्ये ७-७ जणांचा 'एएफएल-एक्स' हा आयताकृती मैदानावरचा प्रकार काढला, बाहेर विकायला सोपा म्हणून, पण २०१९ नंतर तो बंद पडला. माझ्या मते यात घाई झाली, कारण छोटा प्रकार टीव्हीसाठी नसतोच, तो शाळेच्या ग्राउंडसाठी असतो, आणि तिथे तो नेलाच नाही.

खेळ बाहेर गेला तो सुरुवातीला माणसांबरोबर. न्यूझीलंडमध्ये तो एवढा रुजला होता की १९०८ च्या मेलबर्नमधल्या कार्निव्हलमध्ये त्यांची टीम ऑस्ट्रेलियन राज्यांच्या टीम्सबरोबर उतरली. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी बॉल बरोबर नेला, ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर सैनिकांच्या दोन टीम्समध्ये मॅच झाली आणि ती बघायला प्रिन्स ऑफ वेल्स आला होता. युद्ध संपलं, पोरं घरी गेली (जी वाचली ती) आणि लंडनमधला खेळ पण गेला. न्यूझीलंडमध्येही त्या काळानंतर तो आटलाच. हीच गोष्ट नंतर पुन्हा पुन्हा होते, क्लब ऑस्ट्रेलियन नोकरदार चालवतात, त्यांची बदली झाली की क्लब बसतो.

मग आलं पॉइंट्सच्या, म्हणजे लीगच्या गुणतक्त्यात धरल्या जाणाऱ्या, मॅचेस परदेशात नेण्याचं. २५ एप्रिल २०१३, अँझॅक डे म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला सेंट किल्डा विरुद्ध सिडनी स्वान्स, लीगची ऑस्ट्रेलियाबाहेरची पहिली अधिकृत मॅच. साडेबावीस हजार लोक आले. पुढच्या वर्षी तेरा हजारांच्या आसपास, तिसऱ्या वर्षी बारा. सेंट किल्डा तिन्ही मॅचेस हरली आणि प्रकरण संपलं. त्यानंतर चीन. पोर्ट अ‍ॅडिलेड क्लबने शांघायच्या बिल्डर कंपनीची स्पॉन्सरशिप मिळवली आणि १४ मे २०१७ ला जियांगवान स्टेडियममध्ये गोल्ड कोस्ट सन्सला ७२ पॉइंट्सनी हरवलं. दहा हजार लोक होते, पण त्यात ऑस्ट्रेलियाहून विमानाने आलेले खूप. २०१८, २०१९ ला पुन्हा मॅचेस झाल्या, २०२० ला कोविड आला आणि सगळं गुंडाळलं. शांघायच्या पोरांच्या हातात किती बॉल पडले हे कुणी विचारलं का, हा माझा खरा प्रश्न आहे, कारण तो प्रोजेक्ट धंद्याचा होता, खनिज, वाइन आणि पर्यटन विकणाऱ्या लोकांना भेटायला निमित्त म्हणून मॅच होती. धंदा करायला हरकत नाही पण त्याला खेळाचा विस्तार म्हणू नये.

याच्या उलट आयर्लंड. तिथे गेलिक फुटबॉल आहे, बॉल गोल पण हात वापरतात, उंच उडी मारून झेलतात. १९८० च्या दशकात मेलबर्न क्लबचा कोच रॉन बरासी याने तिथली तरुण पोरं आणून घडवायचं ठरवलं, आणि १९८४ मध्ये डब्लिनचा जिम स्टाइन्स आला. १९८७ ची प्रीलिमिनरी फायनल, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीची बाद मॅच, मेलबर्न पुढे, शेवटचे क्षण, समोरच्या हॉथॉर्न क्लबच्या गॅरी बकेनाराला किक मिळाली होती पण ती जरा लांबून होती. किक मारणारा बकेनारा आणि त्याच्यासमोर किकच्या जागेवर उभा असलेला मेलबर्नचा खेळाडू, या दोघांच्या मधून स्टाइन्स धावत गेला. नियमाने ते चालत नाही, १५ मीटरची पेनल्टी लागली, बकेनारा तेवढा पुढे आला आणि सायरन वाजल्यावर गोल मारला, हॉथॉर्न २ पॉइंट्सनी जिंकलं. लहानपणापासून हा खेळ खेळलेल्याचा पाय तिथे आपोआप थांबला असता, स्टाइन्सचा थांबला नाही. म्हणून मी म्हणतो की हा खेळ प्रदर्शनी मॅच बघून येत नाही, तो दहाव्या वर्षी अंगात जावा लागतो. तरी स्टाइन्सने हार मानली नाही, १९९१ चं ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलं, सलग २४४ मॅचेस खेळला, पुढे त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. २०१२ मध्ये तो गेला तेव्हा सरकारी इतमामात निरोप दिला मेलबर्नने. त्याच्या मागून आलेला आयर्लंडच्या केरी काउंटीचा टाग केनेली २००५ मध्ये सिडनीकडून प्रीमियरशिप म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकला आणि २००९ मध्ये घरी जाऊन गेलिक फुटबॉलचं ऑल-आयर्लंड विजेतेपदही. पण आयर्लंडच्या लोकांची तक्रार रास्त आहे की तुम्ही आमची चांगली पोरं उचलून नेता. टॅलेंट आणणं म्हणजे विस्तार नाही. अमेरिकेच्या मेसन कॉक्सचंही तेच, टेक्ससचा, २११ सेंटिमीटर उंच, बास्केटबॉलमधून आलेला, २०२३ ला कॉलिंगवूड क्लबबरोबर प्रीमियरशिप जिंकला, फार आनंदाची गोष्ट आहे, पण त्यामुळे टेक्ससमध्ये फुटीचं मैदान उभं राहिलं नाही.

खरोखर रुजला कुठे, तर नाउरूत. प्रशांत महासागरातला इवलासा देश, बारा हजारांच्या आसपास वस्ती, आणि फुटी तिथला राष्ट्रीय खेळ. १९३० च्या दशकात व्हिक्टोरियात शिकायला गेलेली नाउरूची मुलं तो घेऊन आली, कोणी विकायला गेलं नव्हतं. लिंकबेल्ट ओव्हल नावाचं त्यांचं मैदान आहे, त्यावर गवत नाही, फॉस्फेटची बारीक खडी आहे. त्या खडीवर पोरं डाइव्ह मारून बॉल पकडतात! पापुआ न्यू गिनीतही तसंच, तिथल्या 'मॉस्किटोज' टीमने २००८, २०१४ आणि २०१७ चा इंटरनॅशनल कप जिंकला. हा कप हौशी आणि त्या त्या देशातच वाढलेल्या खेळाडूंसाठी, २००२ मध्ये सुरू झालेला, पहिला आयर्लंडने जिंकला. भारताची टीमही २००८ मध्ये मेलबर्नला गेली होती.

विरोधकांचं म्हणणं असं की आधी घर सांभाळा. ऑस्ट्रेलियातच 'बरासी लाइन' नावाची काल्पनिक रेघ आहे, तिच्या एका बाजूला फुटी, दुसरीकडे सिडनी ब्रिस्बेनला रग्बी. १९८२ ला साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलवला तेव्हापासून तिकडे काम चालू आहे, २०१२ ला वेस्टर्न सिडनीत जायंट्स ही नवी टीम उभी केली, आणि अजूनही तिथे रग्बी लीगच मोठी. हा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच, कारण २०२५ पासूनच्या सात वर्षांच्या ब्रॉडकास्ट कराराचे साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत असताना नाउरूच्या खडीवर गवत लावायला आणि पापुआ न्यू गिनीच्या राजधानीतल्या, पोर्ट मोर्स्बीच्या, शाळांना बॉल द्यायला लागणारे पैसे म्हणजे किती? आणि २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात ६ लाख ७३ हजार लोक भारतात जन्मलेले होते, त्यांची पोरं मेलबर्नच्या उपनगरांत 'ऑसकिक'मध्ये म्हणजे लहान मुलांच्या वर्गात जायला लागली तर सुट्टीत बॉल घेऊन आजोळी येतीलच. नाउरूच्या मुलांनी हेच केलं होतं.

इंटरनॅशनल कप मात्र २०१७ नंतर झालेला नाही. २०२० चा कोविडमुळे गेला.