मुळांनाही हवा हवी

चवथीला आलेल्या मावशीने बाल्कांवातलं, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरचं, ऑर्किड पाहून विचारलं, "हे बांडगूळ कुंडीत कशाला गो लावलंस?" रानातली आमरी, म्हणजे ऑर्किडच, आंब्या-फणसाच्या फांदीवर बसलेली दिसते, म्हणून हा आळ. बांडगूळ झाडात मूळ खुपसून रस ओढतं. आमरी फांदीवर नुसती बिऱ्हाड करते. गोव्यातल्या सत्तरीच्या रानात पावसाच्या तोंडावर फुलणारी सीतेची वेणी ही आमरीही तशीच, सालीला धरून मुळं हवेत सोडणारी.

बाजारात मिळणारं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड मूळचं आग्नेय आशियातलं, पण राहणी तीच. माझं पहिलं रोप मी शेणखत घातलेल्या तांबड्या मातीत लावलं आणि जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, नेमाने पाणीही घातलं. शेवटी उपटून पाहिलं, तर मुळांची साल बोटांत सुटून आली आणि हातात नुसता दोरा उरला.

धडधाकट मूळ कोरडं असताना चंदेरी दिसतं. त्यावर पाणी शिंपडा, बघता बघता हिरवं होतं. मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं स्पंजासारखं वेष्टन असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पेशींत हवा असते तोवर प्रकाश विखुरतो, म्हणून चंदेरी रंग. पाणी भरलं की वेष्टन पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. मुळं हिरवी दिसत असतील तर झारी ठेवून द्यायची. वेष्टन कायम ओलं राहिलं की आतल्या जिवंत पेशींना प्राणवायू पुरत नाही, मग मूळ कुजलंच.

तेव्हा कुंडीत मातीऐवजी लाकडी कोळसा, फुटक्या कौलांचे तुकडे आणि सोडण, म्हणजे नारळाची सालं. सोडण घरचंच, पण ताजं नको. क्षार आणि टॅनिन निघून जाईतो पाणी बदलत चार-पाच दिवस भिजवा. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या.

"पुन्हा फुलतच नाही" ही तक्रार मात्र खताने सुटत नाही. तापमान सतत 28 अंशांच्या वर राहिलं तर फॅलेनॉप्सिस फुलांचा दांडा काढत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री 20 अंशांच्या आसपास उतरतात. तेवढे दिवस कुंडी उघड्या खिडकीत राहू द्या. पानाच्या बगलेतून काही डोकावलं तर मूळ समजून खुडू नका: मुळाचं टोक गोल असतं, दांड्याचं किंचित चपटं.