बोटीमागचं सपाट पाणी: वॉटर स्कीच्या बोटीची पार्श्वभूमी

वॉटर स्कीसाठी, म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून स्कीवर पाण्यावरून घसरत जाण्यासाठी, स्वतःची बोट घेतली की पहिल्याच हंगामात काही कामं मालकाच्या गळ्यात पडतात. पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर बदलायचा, गोठवणारी थंडी पडण्याआधी इंजिनातलं पाणी काढायचं, इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, सरळ रेषेत आहे का ते पाहायचं, इंजिन सुरू करण्याआधी त्याच्या पेटीतली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चालवायचा. ही कामं यादीच्या रूपात हाती येतात आणि बहुतेक जण ती यादीसारखीच उरकतात. पण यातल्या प्रत्येक कामामागे ही बोट घडवताना कुणीतरी घेतलेला एखादा निर्णय आहे. तो समजला की कोणतं काम लांबवता येईल आणि कोणतं अजिबात नाही, हे मालकाला स्वतःचं स्वतः ठरवता येतं. म्हणून हा मागोवा.

सुरुवातीला वॉटर स्कीची अशी वेगळी बोट नव्हतीच. 1922 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक सिटी गावाजवळच्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाचा 18 वर्षांचा मुलगा पाण्यावर उभं राहण्याच्या खटपटीत होता. पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या. कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी त्याने 8 फूट लांब आणि 9 इंच रुंद लाकडी फळ्या घेतल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि खिडक्यांना वापरतात त्या दोरीचा दोर केला. बोट त्याचा भाऊ बेन चालवत होता. 2 जुलैला, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मागे रेलून स्कीची टोकं पाण्याच्या वर ठेवली आणि तो उभा राहिला. पुढे त्याने उडत्या बोटीमागे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानामागेही स्की केली. त्या काळच्या बोटींची ताकद किती तोकडी होती हे त्यावरून कळतं.

सॅम्युएलसनने पेटंट घेतलं नाही. 1925 मध्ये फ्रेड वॉलरने आपल्या पाण्यावरच्या स्कींचं पेटंट घेतलं आणि बरीच वर्षं श्रेय त्याच्याकडेच राहिलं. सॅम्युएलसनला अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेची मान्यता मिळायला 1966 उजाडावं लागलं. ही संघटना 1939 मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. फ्लोरिडातल्या सायप्रस गार्डन्स या उद्यानात होणाऱ्या स्कीच्या खेळांनी हा छंद लोकांपर्यंत पोहोचवला आणि 1949 मध्ये फ्रान्समधल्या ज्वाँ-ले-पँ इथे पहिली जागतिक स्पर्धा भरली.

या सगळ्या काळात ओढायला मिळेल ती बोट चालत असे. कुणाकडे आउटबोर्ड, म्हणजे मागच्या टोकाला बाहेरून टांगलेल्या, मोटारीची हलकी बोट, तर कुणाकडे महोगनी फळ्यांची, आत इंजिन असलेली देखणी लाकडी बोट. लाकडी बोटीचं सगळं दुखणं लाकडाचंच असे. काही महिने कोरड्या जागी ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत आत पाणी येत राहतं. शिवाय दरवर्षी घासकाम आणि व्हार्निश. 1950 च्या दशकाच्या अखेरीस 50 अश्वशक्तीच्या पुढच्या आउटबोर्ड मोटारी मिळू लागल्या आणि साध्या कौटुंबिक बोटीमागेही मोठा माणूस आरामात उभा राहू लागला. हौशी स्कीअरचा प्रश्न तिथे सुटला. स्पर्धेत उतरणाऱ्याचा मात्र सुटला नाही, आणि आजची स्की बोट त्या न सुटलेल्या प्रश्नातून जन्मली.

तो प्रश्न स्लॅलमचा. बोट सरळ रेषेत जाते आणि स्कीअरला तिच्या दोन्ही बाजूंना मांडलेल्या सहा बॉयांना, म्हणजे तरंगत्या खुणांना, आळीपाळीने वळसा घालायचा असतो. आजच्या नियमांनुसार हा मार्ग 259 मीटर लांब असतो, बॉया मधल्या रेषेपासून 11.5 मीटरवर असतात, आणि पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी 58 किलोमीटर, स्त्रियांसाठी 55 किलोमीटर असतो. एका बॉयाकडून दुसऱ्याकडे जाताना स्कीअरला दर वेळी बोटीमागे उठणारी लाट कापावी लागते, तीही बोटीच्या वेगापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने. ती लाट उंच किंवा टणक असेल तर स्की उडते, तोल जातो. पुढे जाण्यासाठी दोर टप्प्याटप्प्याने आखूड करतात, 18.25 मीटरपासून सुरुवात होते आणि अव्वल खेळाडू 10 मीटरच्याही आत येतात. दोर जितका आखूड, तितका बोटीला आडवा हिसका मोठा.

म्हणजे बोटीकडून दोन गोष्टी हव्या होत्या: मागचं पाणी शक्य तितकं सपाट, आणि स्कीअरने कितीही ओढलं तरी न ढळणारी दिशा. मागच्या टोकाला इंजिन टांगलेली बोट दोन्हींत कमी पडते. वजन मागे असल्याने तिचं बूड पाण्यात रुततं आणि मागे खड्डा पडून लाट उभी राहते. दोर मागच्या टोकाला बांधला असेल तर आडव्या ओढीने ते टोकच बाजूला सरकतं आणि बोटीचं तोंड फिरतं.

उत्तर मिळालं ते इंजिन उचलून बोटीच्या मधोमध ठेवण्यात. इंजिनाच्या लगत, बोटीच्या गुरुत्वमध्याजवळ, पायलॉन नावाचा भक्कम खांब उभा करायचा आणि दोर त्याला लावायचा. तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट ठेवायचा, म्हणजे बोट पाण्यात न रुतता पाण्यावर आडवी तरंगत धावते. पुढे तळाखाली धातूचे छोटे पंखही आले. ते बोटीला पाण्यात धरून ठेवतात आणि ती रेषा सोडत नाही. मायामीत स्कीचं प्रशिक्षण देणाऱ्या लिओ बेंट्झ यांनी फायबरग्लासची ‘स्की नॉटिक’ याच विचारातून घडवली. 1961 मध्ये तिचे हक्क फ्लोरिडातल्या करेक्ट क्राफ्टने घेतले. मेलून कुटुंबाची ही कंपनी 1925 पासून बोटी बांधत होती. 1968 मध्ये टेनेसीत रॉब शर्ली यांनी घोड्यांच्या तबेल्यात मास्टरक्राफ्ट सुरू केली. तेही स्की शिकवणारेच होते. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात मालिबू आली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बोटीचा आराखडा दोराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहणाऱ्या माणसांनी ठरवला.

मालकाची कामं इथूनच सुरू होतात. इंजिन मध्यभागी असल्याने शाफ्ट सरळ मागे तिरका उतरतो, तळातून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला पंखा. आउटबोर्ड मोटार उथळ पाण्यात वर उचलता येते. इथे पंखा, शाफ्ट, सुकाणू आणि तळाचे पंख कायम खाली लटकलेले. एक खडक पुरतो. आणि वाकलेला शाफ्ट डोळ्यांना दिसत नाही, आधी पायाखाली थरथर जाणवते. ती जाणवली की त्या दिवशीची स्की बंद करावी, कारण थरथरता शाफ्ट आधाराच्या रबरी बेअरिंगपासून गिअरबॉक्सच्या सीलपर्यंत सगळं खात जातो. इंजिन आणि शाफ्ट जिथे जोडतात तिथल्या दोन चकत्यांमधली फट सर्व बाजूंनी सारखी हवी. फरक इंचाच्या हजारांश भागात मोजतात आणि 3 हजारांशाच्या पुढे जाऊ देत नाहीत. हे माप बोट पाण्यात असताना घ्यायचं, ट्रेलरवर नाही. ट्रेलरवर तळाचा आकार किंचित बदलतो, त्यामुळे तिथे अचूक लावलेलं माप पाण्यात चुकीचं ठरतं.

शाफ्ट तळातून जातो तिथे पाणी अडवायला जुन्या बोटींत मेण-ग्रीस लावलेल्या दोरीची पॅकिंग असते. चालत्या शाफ्टवर तिथून मिनिटाला काही थेंब गळलेच पाहिजेत. तेच थेंब पॅकिंगला थंड ठेवतात. गळती पूर्ण थांबवण्यासाठी नट आवळत राहणाऱ्याचा शाफ्ट तापतो आणि घासला जातो.

इंजिनाची गोष्ट वेगळीच. स्की बोटीला खालच्या वेगातून झटकन उचल घेणारी ताकद लागते, आणि अमेरिकी मोटारींचं व्ही-8 इंजिन ती ताकद स्वस्तात देत होतं. म्हणून फोर्डचं 351 आणि शेव्हरोलेचं 350 घनइंचांचं इंजिन बोटीसाठी बदलून बसवलं जाऊ लागलं. मोटारीचं इंजिन उघड्या हवेत असतं, बोटीचं बंद पेटीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाशी साचते आणि एक ठिणगी तिला पुरते. म्हणून बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर पडू न देणारे असतात, कार्ब्युरेटर भरून वाहिला तर पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनातच जाईल असा असतो, आणि सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा असतो. मोटारीच्या दुकानातला स्टार्टर त्याच जागी बरोबर बसतो, दिसतोही तसाच, आणि कमी पैशांत मिळतो. या एका बचतीइतकी धोकादायक बचत या छंदात दुसरी नाही.

मोटारीसारखा रेडिएटर बोटीत नसतो. बहुतेक जुन्या स्की बोटी तळ्याचं पाणी ओढून थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरवतात आणि धुराबरोबर बाहेर टाकतात. पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इम्पेलर असतो. तो कोरडा फिरला की थोड्याच वेळात जळतो. पातं तुटलेलं दिसलं तर नवीन इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेला तुकडा पुढे कुठे अडकलाय ते शोधावं लागतं, नाहीतर इंजिन पुन्हा तापतं. थंड प्रदेशात हिवाळ्याचं संकट याच रचनेतून येतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक फोडतं. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची बुचं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंप, नळ्या, सगळीकडून पाणी काढायचं. आणि बूच काढूनही पाणी आलं नाही तर आत पाणी नाही असं समजायचं नाही. गंज आणि वाळूने भोक बुजलेलं असतं, तार घालून ते मोकळं करावं लागतं.

फायबरग्लास आल्यावर लाकडाची कटकट संपली असं खरेदीदारांना वाटलं. ती फक्त नजरेआड गेली. पुढची कित्येक वर्षं तळाला बळ देणाऱ्या लांब तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, लाकडाच्याच होत्या. वरून फायबरग्लासचं वेष्टण आणि मधल्या पोकळीत फोम. इंजिन ज्या स्क्रूंनी या तुळयांना जखडलेलं असतं, त्यांच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि लाकूड आतून कुजतं. 1990 च्या दशकात चांगल्या कंपन्यांनी स्ट्रिंगरमधलं लाकूड काढून टाकलं. त्याआधीची बोट घेताना आधी इंजिनाच्या पायाचे बोल्ट फिरवून पाहावेत. ते आवळले न जाता नुसतेच फिरत असतील तर रंग, गाद्या आणि संगीत यंत्रणा पाहण्यात वेळ घालवू नये, कारण दुरुस्तीसाठी बोटीची अख्खी जमीन कापावी लागते.

वेगाच्या बाबतीत चालकाची कसोटी यंत्राने हलकी केली. 58 च्या वेगाने 259 मीटर म्हणजे जेमतेम 16 सेकंद. पूर्वी चालक हाताने थ्रॉटल सांभाळत असे आणि स्टॉपवॉच निकाल देत असे. 1990 च्या दशकात वेग स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा रुळली आणि नंतर तिला जीपीएसची जोड मिळाली.

त्याच काळात बोटींचं घराणंच दुभंगलं. 1985 मध्ये टोनी फिन यांनी ‘स्कर्फर’ ही बोटीमागे ओढायची फळी आणली, त्यातून वेकबोर्ड, म्हणजे एकाच फळीवर उभं राहून लाटेवरून उड्या मारण्याचा खेळ वाढला, आणि त्या खेळाडूंना हवी होती नेमकी उलटी गोष्ट: मोठी लाट. 1997 मध्ये करेक्ट क्राफ्टच्या नॉटिक बोटीवर दोर उंचावरून ओढणारा टॉवर आला. इंजिन पुन्हा मागे सरकलं, बूड जड करण्यासाठी पाण्याच्या टाक्या आल्या. अशा बोटीमागे स्लॅलम केलं तर लाटेवर गुडघे आपटतात, आणि स्की बोटीमागे वेकबोर्ड करणाऱ्याला उडायला काही मिळत नाही. दोन्ही जमेल असं सांगून विकल्या जाणाऱ्या बोटी आहेत. घरातल्या स्कीअरला स्लॅलमची खरी ओढ असेल तर त्या घेऊ नयेत, असं मी स्पष्टपणे सांगेन.

टाक्यांसोबत एक जबाबदारीही आली. 1988 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, सापडले आणि पुढे ते ट्रेलरवरच्या बोटींतून तळ्यामागून तळी व्यापत गेले. टाकीत उरलेल्या थोड्या पाण्यातूनही त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं प्रवास करतात. म्हणून एका तळ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी बोट धुणं, तिच्यातलं सगळं पाणी काढणं आणि ती पूर्ण सुकू देणं हा भाग आता देखभालीत धरतात.

अलीकडे बॅटरीवरच्या ओढणाऱ्या बोटी बाजारात आल्या आहेत. त्यांच्यात पेट्रोलची वाफ नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. एक्झॉस्टमुळे मागच्या फळीवर रेंगाळणाऱ्यांच्या जिवाला असलेला धोकाही गेला. पंखा, सुकाणू आणि तळाचे पंख मात्र अजून पाण्याखाली तिथेच आहेत, आणि उथळ पाण्यातला खडकही.